बारा पुरचुंड्या

सांगलीत लग्नाकार्याचा स्वयंपाक करायची तेव्हा मला माझ्या नाकाचा भारी तोरा होता. देवाला नैवेद्य दाखवण्याआधी चव बघायची नाही, म्हणून उकळत्या आमटीच्या वाफेवर वाकून मी मीठ ओळखायची. अंदाजानं मुठी टाकायच्या, वास घ्यायचा, कमी वाटलं तर आणखी थोडं. इतक्या वर्षांत कधी चुकले नव्हते.

मग रक्तदाब निघाला. डॉक्टरांनी सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या, जेवण अळणी केलं. गोळ्यांनी डोकं हलकं झालं, पण नाक चोंदलं ते चोंदलंच. दिवसा पेंग यायची, उगाच रडू यायचं. त्यातच माधवनगरच्या एका घरी नवरात्राच्या जेवणात माझ्या हातून आमटीत दोनदा मीठ पडलं. पंगत पाणीच पीत बसली. घरची म्हातारी तोंडावर म्हणाली, "बाई, फुडच्या बारीला आमी दुसरी बघतो."

जो तो सांगू लागला, कार्याच्या आधी चार दिवस गोळ्या सोड. डॉक्टर मात्र भडकले. "सोडल्यात तर बहिणीच्या शेजारी दुसरी खाट टाकावी लागेल!"

माझी थोरली बहीण घरात खाटेवरच होती. हाच आजार, पण तिला औषध मिळालंच नाही. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तिला रोज भरवणारी मी. मीही पडले तर भरवणार कोण? गोळ्या सोडायच्या नाहीत आणि कामही सोडायचं नाही, असं मी ठरवलं. आहेच मी हट्टी.

घरी शेरभर तुरीची आमटी करून मीठ मोजायला बसले. माझी जीभ कुचकामी झाली होती. अळणी खाऊन खाऊन चिमूटभर मीठही खारट लागे. म्हणून चव बघायची बहिणीनं. डावा तळहात पालथा केला की जास्त, बोट वर केलं की कमी. आठ दिवस हेच चाललं. नवव्या दिवशी तिनं मूठ घट्ट मिटली. बरोबर! तेवढं मीठ मी फडक्यात बांधलं. शेराला एक पुरचुंडी. रिकामं फडकं चुलीपाशी पडलं की मीठ पडलं. परत शंका नको.

लढाई संपून माधवनगरच्या त्या म्हातारीचा नातू पलटणीतून घरी आला. देवाचं जेवण घालायचं ठरलं. मी आपणहून तिच्या दारात गेले.

"आवं, एकदा बगा. चुकलं तर परत उंबरा चढणार न्हाई."

बारा शेर डाळ, बारा पुरचुंड्या. एक सून मीठ घेऊन पुढे आली, तिला मी चुलीपासून हाकललंच. नैवेद्य झाला, पानं वाढली. म्हातारीनं आमटी भुरकली, पुन्हा भुरकली.

"व्हय, आता ब्येस हाय. दिवाळीलाबी ये."

दिवेलागणीला वाटीभर आमटी घेऊन घरी आले. आनंदात बडबड करत बहिणीला पहिला घास भरवला. तिनं मूठ मिटली. मला रडू आलं, आणि ते गोळ्यांचं नव्हतं.

दुसऱ्या घासाला मात्र ती तोंड उघडेना. डावा हात कोनाड्याकडे करून बसली. तिथं माझी गोळ्यांची बाटली होती. संध्याकाळची गोळी मी विसरले होते. मी ती गिळली, तेव्हा कुठे तिनं तोंड उघडलं.