उनाड रेचा

करीममिस्त्री सकाळी जिनात आले की आधी शेवटच्या रेच्याला सलाम करायचे. रिसोडच्या त्या जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, सरकीपासून रुई वेगळी करणारे बारा रेचे होते. त्यातल्या अकरांना ते ‘संसारी’ म्हणत, बाराव्याला ‘उनाड’. रुळाचं नवं चामडं, नवा पट्टा, कुणाची नवी कल्पना, सारं आधी उनाडवर. काही नवं नसलं तर तो नुसता बसून असायचा. “अकरा कमवून राह्यले, एक शिकून राह्यला. घराले दोन्ही लागते,” असं ते म्हणत.

माझे वडील तिथे रुईच्या गाठी उचलत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सुट्टीत आलो तेव्हा पुलीचं गणित नुकतंच शिकलो होतो. रेच्याची पुली लहान केली की तो जास्त वेगानं फिरेल, हे मी जिनाच्या मालकांना, शेठना, कागदावर काढून दाखवलं. बाहेर कापसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत लागलेल्या. शेठ खूश झाले.

“मिस्त्री, उद्याच बाराही बदला.”

“पहिले उनाडले इचारू, शेठ.”

“कायले? पोरगा शिकलेला आहे!”

“पोरगा शिकला. रेचा कुठी शिकला?”

शेठ चिडले. “जमत नसंल तर वाशीमहून दुसरा मिस्त्री आणतो.”

“आणा. पर तो येईपर्यंत अकराले हात लावू देत नाही.”

वडिलांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या एका कागदापायी म्हाताऱ्याची नोकरी जाणार, या विचारानं मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी लहान पुली फक्त उनाडवर चढली. तो खरंच भराभर चालला. तासाभरानं मिस्त्रींनी मूठभर रुई शेठसमोर धरली. तिच्यात फुटलेल्या सरकीचे काळे तुकडे होते. शेठनी एक तुकडा उचलून पाहिला आणि ते निघून गेले. दुसऱ्या मिस्त्रीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मिस्त्री माझ्याकडे वळले.

“ए कालेजवाल्या, तोंड कायले पाडून राह्यला? उनाड ‘नाही’ म्हणून नाही राह्यला. ‘एवढं नको’ म्हणते.”

मग चार दिवस आम्ही दोघांनी मधल्या मापाच्या पुल्या लावून पाहिल्या. पाचव्या दिवशी रुई स्वच्छ निघाली. तेव्हा कुठे त्यांनी संसारी रेचे बदलायला घेतले, तेही रोज एकच. बाकीचे दहा चालूच.

पुढच्या वर्षी माझ्या परीक्षेच्या दिवसांत मिस्त्री वारले. मला उशिरा कळलं. सुट्टीत जिनात गेलो, तर नवा मिस्त्री शेठना विचारत होता, “हा बारावा रिकामा काहून? यालेही कामाले लावू का? गाड्या लय लागल्या.”

“त्याले राहू द्या,” शेठ म्हणाले. “तो उनाड आहे.” मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. “काय रे, त्याच्यासाठी काही नवीन आणलं का?”