दिनूकाकांचा चाकू आणि न घेतलेला संन्यास

दिनूकाकांचा उजवा हात नेहमी खिशात असतो. थंडी असो, गरमी असो, आरतीला उभे असोत नाहीतर कुणाच्या तेराव्याला बसलेले असोत. नव्या माणसाला वाटतं यांच्या हाताला काहीतरी झालंय. झालं काहीच नाही. खिशात चाकू आहे, आणि तो जागेवर आहे ना, हे काका सारखे चाचपून बघतात.

आधीच सांगतो, काकांवर हसायचा हक्क मला आहे, कारण मी त्यांच्या खालच्याच खोलीत वाढलो. बाहेरच्यानं हसायचं नाही. मागे चहाच्या दुकानावर एकानं त्यांना ‘चक्कू गुरू’ म्हटलं, त्याला मी कॉलर धरून गलीच्या तोंडापर्यंत सोडून आलो. मी अकरावीत शाळा सोडली तेव्हा सगळ्या मोहल्ल्यानं मला भाषण दिलं. काकांनी पेरू कापून दिला आणि विचारलं, मीठ पाहिजे का. एवढं पुरे आहे मला.

तर दिनानाथ सप्रे. काशीत मंगला गौरीच्या गलीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. जलकलमध्ये, इथल्या पाणीखात्यात, मीटर बघायची नोकरी केली. चाकूचं लफडं तिथूनच सुरू झालं. मीटरच्या काचेवरची काई, म्हणजे शेवाळ, खरवडायला, पाइपावरचा सुतळीचा गुंडाळा कापायला चाकू लागायचा. नोकरी संपली, काई खरवडणं संपलं, चाकू तसाच राहिला. काळ्या शिंगाच्या मुठीचा, दोन पात्यांचा, एका पात्यावर इंग्रजीत काहीतरी अर्धं पुसलेलं. काका म्हणतात विलायतेतून आलाय. काकू म्हणतात दालमंडीच्या बाजारातून आलाय, मी सोबत होते.

हा रोजचा. बाकीचे बिस्किटांच्या दोन पत्र्याच्या डब्यांत, जुन्या सुती धोतराच्या चिंध्यांत गुंडाळलेले. सगळे घडीचे, सगळे जुने. एक पितळी मुठीचा, माशाच्या आकाराचा. एक फौजेतला, त्याला डबा उघडायचं पातं आणि एक टोचा आहे. एक इतका छोटा की तो बहुतेक कुणा बाईनं पेन्सिल तासायला ठेवला असावा. खटक्याचा रामपुरी मात्र काका घरात घेत नाहीत. म्हणतात, तो चाकू नाही, नौटंकी आहे.

यातले अर्धे गंगेतून आलेत. बालाजी घाटाच्या खाली लोक दोरीला चुंबक बांधून पाण्यात टाकतात, नाणी निघतात. कधी नाण्यांसोबत चाकू येतो, गाळ आणि गंज यांचा एक गोळाच. चुंबकवाले ओरडतात, “ए चच्चा, आपका माल आया है,” आणि काका पायऱ्यांवरून असे उतरतात की त्यांना संधिवात आहे हे डॉक्टरलाही पटणार नाही. मग तो गोळा नाववाल्याकडून आणलेल्या डिझेलमध्ये बुडवायचा, राखेनं घासायचा, सांध्यात शिलाई मशीनचं तेल सोडायचं. पंधरा दिवस घरात डिझेलचा वास. ज्या दिवशी पातं ‘टक’ करून उघडतं, त्या दिवशी काकांच्या चेहऱ्यावर जे येतं ते लेकीच्या, मधुताईच्या लग्नातसुद्धा आलं नव्हतं. हे मी नाही म्हणत, काकू म्हणतात.

काकूंचं नाव आनंदी. त्यांच्या मते बघायच्या कार्यक्रमात या माणसानं एक प्रश्न विचारला नाही, नुसता पेरू कापून दाखवला, आणि आई म्हणाली मुलगा कामसू दिसतोय.

काकांचे नियम आहेत. चाकू कुणाच्या हातात द्यायचा नाही, जमिनीवर ठेवायचा, समोरच्यानं उचलायचा. हातात दिला की भांडण होतं. आणि एक चाकू फक्त पाळण्याचा. आपल्या मराठी घरांत बाळाच्या गादीखाली लोखंड ठेवतात ना, त्यासाठी. धार मोडलेला, पांढऱ्या दोऱ्यानं घट्ट बांधलेला, उघडणारच नाही असा. गलीतल्या सगळ्या पोरांच्या गादीखाली तोच होता. मधुताईच्या होता, माझ्याही होता. बाळ रांगायला लागलं की काका स्वतः जाऊन परत आणतात. मिठाई विसरतील, चाकू नाही विसरत.

आता मुद्द्यावर येतो. काका एक खोटं बोलले होते.

मधुताई, म्हणजे मधुवंती, त्यांची एकुलती एक, लग्न होऊन पुण्याला गेली. तीन वर्षांपूर्वी तिच्या नणंदेचं लग्न निघालं. काकूंचे गुडघे गाडीत एवढे तास बसायला तयार नव्हते, म्हणून जावयानं विमानाची तिकिटं काढतो म्हणून कळवलं. काकांनी कुठेतरी ऐकलं होतं की विमानतळावर नेलकटरसुद्धा काढून घेतात. झालं. चाकूशिवाय घराबाहेर पडायचं नाही, आणि चाकूसाठी मुलीच्या सासरी येत नाही असं सांगायचं तर लाज. मग फोनवर तोंडातून निघून गेलं, “मी क्षेत्रसंन्यास घेतलाय. आता काशी सोडायची नाही.”

म्हणजे मरेपर्यंत काशीच्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचं नाही, ते व्रत. खरी माणसं खरोखर घेतात. गंगेत उभं राहून संकल्प करतात. काकांनी पलंगावर बसून घेतला, मोबाइल कानाला लावून.

जावयानं एकच तिकीट काढलं. मधुताई रडली. काकू एकट्या गेल्या, आणि जाताना दारात म्हणाल्या, “येते हो स्वामीजी.” काकूंना पहिल्या मिनिटापासून माहीत होतं.

पण बाकीच्यांना नव्हतं. मोहल्ल्यात बातमी पसरली. लोक वाकून नमस्कार करायला लागले. गणेशोत्सवात पहिली आरती काकांच्या हातात. काकांनी दोन-तीनदा सांगायचा प्रयत्न केला असेल, पण नमस्कार कुणाला वाईट लागतो.

पुढे जे झालं त्याचा त्यांनी विचारच केला नव्हता. कालिंदीआजी आहेत ना, पायऱ्यांजवळच्या, ऐंशीच्या घरातल्या, एकट्या राहतात, त्या म्हणाल्या, दिनू करू शकतो तर मी का नाही. आणि त्यांनी पंचगंगा घाटावर जाऊन वासुदेवशास्त्रींकडून विधिवत घेतला. खराखुरा. वर्षभरात त्यांच्या नातवाचं, वेदांतचं, इंदूरला लग्न झालं. आजी गेल्या नाहीत. त्या दिवसापासून काका आजींच्या दारावरून जाताना पाय उचलून चालतात, चप्पल वाजू नये म्हणून.

या वर्षी माघात मधुताईला मुलगी झाली. बारसं सव्वा महिन्यानं ठरलं. तिचा फोन आला, पाळण्याचा चाकू पाठवा, दुसरं लोखंड मी ठेवणार नाही. आणि मग हळूच, “बाबांना यायला जमणार नाही ना?”

काकांनी फोन काकूंकडे दिला आणि गच्चीवर गेले. खाली आले तेव्हा डोळे लाल होते. म्हणाले, माकडांनी धूळ उडवली.

चाकू कुरिअरनं पाठवायला मी गेलो. कुरिअरवाला म्हणाला, धारवाली चीज नहीं जाएगी. मी म्हटलं धार नाहीये. तो म्हणाला, फिर चाकू काहे का. परत आलो आणि सरळ काकांना म्हटलं, “काकू विमानानं जाणारच आहेत, त्यांच्या मोठ्या बॅगेत टाका की. जी बॅग आधीच जमा करतात तिच्यात चाकू चालतो. बस, हातातल्या बॅगेत नको, खिशात नको.”

काका बघतच राहिले. “चालतो?”

“चालतो.”

“हे तुला कधी कळलं?”

“सगळ्यांना माहीत आहे काका. शाळा सोडलेल्यालाही माहीत आहे.”

तीन वर्षं या माणसानं एकालाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर का विचारतो हे सांगावं लागलं असतं ना. आतून काकू कणीक मळता मळता म्हणाल्या, “मीही सांगितलं असतं हो, पण संन्याशाच्या संसारात कोण पडणार.”

आता काकांना जायचं होतं. इतकं जायचं होतं की डब्यातले चाकू पुसायचं बंद झालं. रात्री जेवणात पोळी तोडून नुसती ठेवून द्यायचे. पण जायचं कसं? ज्या तोंडानं मोहल्ल्याचे नमस्कार घेतले त्याच तोंडानं टॅक्सीत बसायचं? मी म्हटलं, गुपचूप पहाटे जा, मी सांगेन आजारी आहेत. काकू म्हणाल्या, हो, आणि उरलेला मोहल्ला पेरू घेऊन बघायला येईल.

शेवटी काका वासुदेवशास्त्रींकडे गेले. मीही गेलो, कारण एकटे गेले असते तर वाटेतून परतले असते. शास्त्रीबुवांनी सगळं ऐकलं, मग विचारलं, “संकल्पाचं पाणी सोडलंस?”

“नाही.”

“गोत्र उच्चारलंस?”

“फोनवर होतो हो.”

“मग संन्यास कुठला, गप्पा मारल्यास तू. खुशाल जा.” काकांनी सुस्कारा टाकला, तोच शास्त्रीबुवा म्हणाले, “मात्र कालिंदीला तू स्वतः सांगायचं. मी नाही सांगणार.”

दुसऱ्या दिवशी गेलो. आजी उन्हात बसून मटार सोलत होत्या. काका आधी हवेबद्दल बोलले, मग मटारच्या भावाबद्दल, मग मटार सोलायलाच बसले. अर्धा किलो सोलून झाले तरी मुद्दा येईना. मी काकांच्या पाठीत एक बोट टोचलं. मग सगळं एका दमात निघालं. विमान, नेलकटर, फोन, जावई, नमस्कार. आणि हेही की आजींना खरं सांगायला हवं होतं, त्या इंदूरला जायच्या राहिल्या तेव्हाच.

आजींनी एक शेंग सोलली. मग दुसरी. मला वाटलं ऐकलं नसेल.

“वेदांतच्या लग्नात मी या मुलाच्या मोबाइलवर अक्षता टाकल्या, दिनू,” त्या म्हणाल्या. “तांदूळ सगळे काचेवरून घसरून खाली पडले.”

ते खरं आहे. मोबाइल मीच धरला होता.

काका खाली मान घालून बसले. म्हणाले, “आजी, मी जात नाही. तुम्ही म्हणाल तर आता खरा घेतो. उद्याच.”

“वेडा आहेस का तू?” आजींचा आवाज चढला. “तुझ्याकडे बघून घेतला हे खरं. पण पाणी मी माझ्या हातानं सोडलंय. ते माझं आहे, त्यात तू नाहीस. एका चाकूपायी तू मुलीला रडवलंस, त्याचं बोल.”



आजींनी पदराला हात पुसले. “खिशातला काढ.”

काका असे बघायला लागले जसं किडनी मागितली. मग हळूच चाकू काढला आणि जमिनीवर ठेवला. नियम तिथेही मोडला नाही. आजींनी उचलून मटारांच्या टोपलीत टाकला.

“मी नातवाशिवाय राहिले, तू या लोखंडाशिवाय राहा. परत आलास की घेऊन जा. आणि तुझ्या नातीला नीट दाखव मला फोनवर, वेदांतच्या लग्नासारखं अर्धं कपाळ नको.”

मोहल्ल्याला सांगायचं कामही आजींनीच केलं, संध्याकाळच्या भजनात. दोन-चार जण चिडले. एकानं विचारलं, मग पहिल्या आरतीचा मान कुणाचा? मी त्याच्याकडे बघितलं, तो टाळ वाजवायला लागला. बाकीचे हसले, आणि काकांनी मान खाली घालून हसू दिलं.

बाबतपूरच्या विमानतळावर मी सोडायला गेलो. पाळण्याचा चाकू काकूंच्या मोठ्या बॅगेत, त्यांच्या साड्यांच्या मध्ये. आत काय झालं ते काकूंनी फोनवर सांगितलं. तपासणीला काकांचा हात सारखा खिशात जात होता, म्हणून तिथल्या जवानानं विचारलं, बाबूजी, जेब में क्या है? काका म्हणाले, “कुछ नहीं है. वही तो दुख है.” त्यानं दोनदा तपासलं.

बारसं झालं. इरावती नाव ठेवलं. गादीखाली चाकू काकांनीच ठेवला, आणि मग पाळण्याच्या बाजूला खुर्ची टाकून तिथेच बसून आहेत. मधुताई म्हणते, बाबा उठतच नाहीत, पाहुण्यांना त्यांचे पाय ओलांडून जावं लागतं. आठ दिवसांसाठी गेले होते, आता तिसरा आठवडा चाललाय.

काल मी आजींकडे बसून व्हिडिओ कॉल लावून दिला. बाळ नीट दिसलं, पूर्ण. आजी कितीतरी वेळ काचेवर बोट फिरवत होत्या, त्यामुळे मध्येच दोनदा फोन कटला. विचारलं, परत कधी येतोस? काका म्हणाले, “बघू.” चाकूचं नावसुद्धा काढलं नाही.

फोन ठेवल्यावर आजींनी टोपलीतून चाकू काढला, पेरू घेतला आणि कापायला लागल्या. पेरूवर नुसत्या रेघा उठल्या.

“एवढं कौतुक याचं,” त्या म्हणाल्या, “आणि धार तर काहीच नाही.”

मी म्हटलं, “धार आहे आजी. काकांचा चाकू आहे तो. तुम्ही उलटा धरलाय.”