पुडी वाचली

लालबागच्या आमच्या खोलीत तबला सुरात लावायची हातोडी दोन कामांना यायची. गट्टे ठोकायला आणि माझी बोटं ठोकायला. बाबा पोस्टात होते, संध्याकाळी चाळीच्या भजनात तबला वाजवायचे. माझी मात्रा चुकली की बोटांवर फटका. आई ओट्याकडे तोंड करून भाजी चिरत राहायची. तिचा मला बाबांपेक्षा जास्त राग यायचा.

सोळाव्या वर्षी ठरलं, यंदा गणपतीत भजनाला मी बसायचं. बाबांनी स्वतःची जागा मला दिली होती. आठ दिवस उरले तरी रेल्याचे भराभर पडणारे बोल काही बाबांच्या वेगात बसेनात. मग मी एक हलकटपणा केला. सरावाला लेहरा, म्हणजे ताल धरून फिरणारी सुरावट, मोबाइलवर लागायचा. बाबा तोंड धुवायला गेले तशी मी त्याची लय थोडी उतरवली. बोटं सुटली, तिरकिट स्वच्छ पडायला लागलं.

बाबा आले. दोन आवर्तनं ऐकली आणि हातोडी उचलली.

"लय चोरतंस?"

घाव तर्जनीवर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुखायच्या आधी कळलं ते एवढंच, की गणपतीत वाजवणं गेलं. तळपायाची आग मस्तकात गेली. डाव्या हाताने मी हातोडी हिसकावली.

"थांबा, तुमचा तबलाच फोडते!"

त्यांनी उजवा पंजा तबल्याच्या चामड्यावर, पुडीवर पसरला. "माका मार गो, पुडयेक नको!"

मी मारलं. तीनदा मारलं. हात आवरता आला असता, खोटं कशाला बोलू.

परळच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा दोघांनीही कपाटाच्या दाराचं नाव घेतलं. गणपतीत दुसऱ्याच कुणी वाजवलं.

माझं बोट वाकडं का होईना, जुळलं. त्यांची दोन बोटं आखडली ती आखडलीच. पुडीला ओरखडासुद्धा नव्हता. त्याच तबल्यावर आज मी भजनाला बसते. बाबा समोर बसून डाव्या हाताने मात्रा मोजतात, चुकले तर चारचौघांत पाणउतारा करतात. जिभेला अजून तीच धार आहे.

पण तबला सुरात लावायला मी हातोडी उचलली, की त्यांचा उजवा हात पाठीमागे जातो. मला दिसतं. "घाबरू नका" असं मी त्यांना आजवर एकदाही म्हटलेलं नाही.