पौषातली लू

तवा भिलाईत पोलादाच्या कारखान्याची भट्टी नवीनवीन पेटली होती. आमचे हे तिथं पाइप फिटर. आम्ही गोंदियाकडचे शेतकरी, पण या माणसाले पाइपाची नाडी बरोबर कळे. भट्टीपाशी काम करणारा आमच्या इकडचा जो तो खिशात कांदा ठेवे, लू म्हणजे गरम झळ लागू नये म्हणून. यायच्या खिशात मीच टाकत होती, रोज.

वैशाखात एका दुपारी हे पहिली पाळी करून आले, जेवायले बसले, अन् उजव्या हातातून गिलास सुटला. तोंड वाकडं झालं. बोलायले गेले तं शब्दच नाही, नुसतं गुरगुरणं. मी काय कमी शहाणी! म्हटलं, लू लागली. तळपायाले कांदा चोळला, मीठ घालून पन्हं पाजलं. पंधरा मिनिटांत माणूस जसाच्या तसा उठून बसला.

"अवं, दवाखान्यात दाखवून येऊ काय?" हे म्हणाले.

"कावून? बरं वाटून राहिलं ना आता?"

"हो, बरं."

मंग काय, माझा कांदा मी गल्लीभर सांगत फिरली.

पौषात एका सकाळी पुन्हा तसंच झालं. बाहेर हुडहुडी भरून राहिली होती. शेजारीण म्हणाली, "बाई, पौषात कुठली आली लू? रिक्षा बोलाव." मी तिच्यावरच खेकसली, "भट्टीले काय पौष अन् काय वैशाख!" कांदा चोळला. आमचुराचं पाणी पाजलं तं ते तोंडाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं, ठसका लागला. आता उतरते, मंग उतरते, करत दुपारपर्यंत बसून राहिली. जळो माझी अक्कल!

दवाखान्यातला डॉक्टर नागपूरचा होता. त्यानं समजावून सांगितलं. मानेतून रक्ताच्या दोन धमन्या पुढून वर जातात, दोन मागून. मेंदूच्या बुडाशी त्या एका कड्यात मिळतात, म्हणून एक तुंबली तर बाकीच्या सांभाळून घेऊ शकतात. पण कड्याच्या पुढं ज्या फांद्या फुटतात, त्यायले असा आधार नसते. यायची डावीकडची फांदी गुठळीनं बंद झाली होती. उजवा हात अन् बोलणं तिच्याच रक्तावर चालते.

"अन् वैशाखात कसे बरे झाले?" मी विचारलं.

"तेव्हा गुठळी आपोआप सुटली. तो इशारा होता, बाई. तेव्हाच आणलं असतं तर प्रेशर पाहिलं असतं, औषध दिलं असतं. टळलंच असतं असं नाही सांगत, पण..."

कारखान्यात एखादी लाइन तुंबून आपोआप सुटली, तरी हे तशी सोडत नव्हते. खोलून पाहत. स्वतःच्या डोक्याची लाइन तेवढी माझ्या भरवशावर सोडली.

जीव वाचला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. पाच वर्षं खाटेवर काढली त्यायनं. एकच शब्द राहिला होता. भूक लागली काय? "बरं." दुखते काय? "बरं." डोळ्यांतून पाणी गळून राहिलं असे, तरी "बरं."

एक दिवस मले राहवलं नाही. पाय धरले. म्हटलं, माझ्या शहाणपणानं तुमच्या जिवाचं मातेरं झालं. एक तरी शिवी घाला मले, मोकळे व्हा. त्यायनं जोर लावला. मानेच्या शिरा फुगल्या, चेहरा लाल झाला, डावी मूठ खाटेवर आपटली.

अन् तोंडातून निघालं, "बरं."