प्लेटवर न टिकलेलं कुंकू

छगनमामांना ओळखत नाही असं एक लोखंड नागापूरच्या एमआयडीसीत सापडणार नाही. माणसांचं माहीत नाही बाई. मिसरूड फुटल्यापासून लोखंड घासायचं आणि रंगवायचं, हाच त्यांचा जन्म. कुठं गंज दिसला की चहाचा कप खाली ठेवून उठतील. मी, सिल्व्हिया, आमच्या वर्कशॉपचं स्टोअर सांभाळते. म्हणजे मामांना पॉलिश पेपर देते आणि वर त्यांचं भाषण फुकट ऐकते.

त्यात मालकांचा पुतण्या हर्षल इंजिनिअर होऊन आला. म्हणे, रंगाची गरजच नाही! केसाहून कितीतरी बारीक अशा कार्बनच्या नळ्या, नॅनोट्यूब, त्यांचा काळा पापुद्रा पोलादावर बसवायचा. पाणीच टिकत नाही, मग गंज कसला? मामांनी लगेच त्याच्या प्लेटवर तांब्याभर पाणी ओतलं. अळूच्या पानावरून पळावेत तसे थेंब पळाले.

"आरं वा! म्हंजी आमी आता घरी बसायचं व्हय?" मामा म्हणाले. आणि दुसऱ्या दिवसापासून हर्षलचा डबा गरम करून द्यायला लागले. असा हा वैरी!

दिवाळीनंतर पुण्याच्या एका कंपनीचे साहेब प्लेट बघायला यायचे होते. तोवर प्लेट मिठाच्या पाण्याचा फवारा मारणाऱ्या पेटीत ठेवायची. गंज चढला तर हर्षलचा प्रयोग बंद, असं मालकांनी बजावलं होतं. खंडेनवमीला हर्षलनं प्लेट पेटीत टांगली, "मामा, पूजा झाली की झाकण लावून बटण दाबा," म्हणाला आणि सणाला घोडेगावला गेला. केवढा हुशार! सगळी मशिनं कुंकवानं माखणाऱ्या माणसाच्या हाती प्लेट सोडून गेला.

साहेब आले, पेटी उघडली. प्लेट काळीभोर, कोरडी ठणठणीत. फक्त बरोबर मधोमध रुपयाएवढा गंज.

"नंतर कळवतो," साहेब म्हणाले. म्हणजे काय, ते शेंबड्या पोरालाही कळतं.

साहेबांची गाडी गेल्यावर मामा पुढं आले. "त्यो डाग न्हाई, माझं कुंकू हाय. लई येळा लावलं, घसरायचंच. हातोडीला सुद्दा कुंकू, आन् पोराच्या पलेटीलाच न्हाई? तिला यश कसं यायचं? मंग तेवढीच जागा घासली पॉलिश पेपरनं."

घ्या! इंजिनिअरनं महिनोन्‌महिने बसवलेला पापुद्रा मामांनी आशीर्वादासाठी खरवडला. गंज तो गंज, म्हणत मालकांनी प्रयोग बंद करून हर्षलला बिलांच्या टेबलावर बसवलं. डबा मात्र तो आता थंडच खायचा, कारण मामा त्याच्या समोरच जात नव्हते. दोघांचा मला इतका राग यायचा!

पुढच्या खंडेनवमीला मामांनी कुंकवाला हातच लावला नाही. ताट माझ्या हातात दिलं. माझ्या! दर रविवारी चर्चला जाणाऱ्या बाईच्या!

"माझा हात नगं," म्हणाले आणि दाराशी जाऊन उभे राहिले.

हर्षल टेबलावरून उठला, माझ्याकडून ताट घेतलं आणि त्यांच्यासमोर जाऊन वाकला. "मामा, मशिनं राहू द्या. मला लावा."

मामांनी चिमूट इतकी मोठी भरली की अर्धं कुंकू पोराच्या नाकावर सांडलं. माझे डोळे भरून आले, उगाच कशाला खोटं बोलू? बाकीचं कपाळावर लागलं. या खेपेला काही घासावं लागलं नाही.