डी म्हणजे दाखव

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. जवळच्याच मलकापूरहून येऊन मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागात नोकरीला लागले होते. विभाग म्हणजे एक थंडगार खोली, चपला बाहेर काढायची सक्ती, आणि आम्ही दोघं: पुण्याहून आलेले सर आणि मी. आमच्याकडच्या बायकांसारखं मी "येतो सर", "जातो सर" म्हणायची, तेव्हा सर दर वेळी दचकून वर बघायचे.

परीक्षेचा निकाल लावायचा प्रोग्राम सरांनी लहान लहान तुकड्यांत लिहिला होता. एक तुकडा गुणांची बेरीज करायचा, एक ग्रेस मार्क द्यायचा, एक आडनावांप्रमाणे यादी लावायचा. असे चाळीसेक तुकडे एकाच मोठ्या फायलीत बांधून ठेवले होते. त्या गठ्ठ्याला सर लायब्ररी म्हणत. गठ्ठ्यात काही टाकायचं, काढायचं किंवा बघायचं, तर हुकूम एकच. काळ्या पडद्यावर तो टाइप करायचा आणि त्याच्यापुढं कामाप्रमाणे एक इंग्रजी अक्षर द्यायचं. डिस्क भरत आली होती, म्हणून सुटे तुकडे सरांच्या सांगण्यावरून मीच पुसून टाकले होते. "लायब्ररीत आहेत ना? मग झालं," सर म्हणाले होते.

ती अक्षरं सरांनी एका दुपारी भराभर सांगितली आणि मी ती मराठीत पाठ केली. आर म्हणजे रचून ठेव. टी म्हणजे तक्ता, म्हणजे आत काय काय आहे त्याची यादी. डी म्हणजे दाखव. एक्स म्हणजे फुली, आणि फुली मारणं म्हणजे खोडणं, तेव्हा एक्सच्या वाटेला जायचंच नाही. पुढं चार महिने आर आणि टी सोडून मला काही लागलं नाही, त्यामुळं माझी विद्या उघडी पडायची वेळ आली नाही.

ती आणली संस्थेच्या अध्यक्षांनी. तालमीत कमावलेलं शरीर, आवाज खणखणीत. कॉम्प्युटर बघायला म्हणून ते चार माणसं घेऊन आले. दारात चपला काढायला लागल्या म्हणून आधीच थोडे नाराज होते. सर त्यांना यंत्र कुठून आणलं ते सांगत होते, तेवढ्यात ते माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले.

"पोरी, ह्येच्या पोटात काय काय हाय?"

मी टी देऊन यादी काढली. पडद्यावर नावं आली.

"ही नुसती नावं झाली. एखादं उघडून दाखव की."

दाखव म्हटल्यावर मी डी दिला आणि पहिल्या तुकड्याचं नाव टाइप केलं. पडदा गप्प.

"का गं, बोलंना?"

"बघतो साहेब," म्हणत मी दुसरं नाव दिलं. पुन्हा गप्प. तिसरं, चौथं. काम बिनबोभाट झालं की हे यंत्र काही बोलत नाही, चूक झाली तरच बोलतं, हे सरांनी सांगितलं होतं. पण दाखवणं बिनबोभाट कसं होईल, हा प्रश्न त्या वेळी मला पडला नाही. सातव्या तुकड्यापर्यंत मी नेटानं गेले.

"घुमं हाय हे," अध्यक्षांनी निकाल दिला. "ह्यापरीस आमचा हेडक्लार्क बरा, इचारलं तर खेकसतो तरी." सगळे हसले आणि चहाला गेले.

त्यांना निरोप देऊन सर परत आले आणि सहज पडद्याकडं बघत उभे राहिले. बघताबघता खाली बसले.

"डी म्हणजे काय?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"दाखव."

"आणि एक्स?"

"फुली. खोडायचं. त्याला मी हात लावत न्हाय सर."

"एक्स म्हणजे बाहेर काढणं," सर म्हणाले. "खोडणं म्हणजे डी. डिलीट."

सात तुकडे गेले होते, त्यात ग्रेस मार्कांचा आणि आडनावांचाही. राखीव टेप होती, पण तिच्यावर हे तुकडे लिहायच्या आधीचं सगळं होतं. निकाल आठ दिवसांवर. मी कोरा कागद ओढला आणि राजीनामा लिहायला घेतला. सरांनी तो माझ्या हातातून घेतला, पहिली ओळ वाचली, 'विनंती'ची वेलांटी दुरुस्त केली आणि कागद फाडून टोपलीत टाकला. "आधी छापलेली पानं शोधू," म्हणाले.

पानं होती, म्हणजे कधी काळी होती. कडेला भोकं असलेले ते लांबलचक कागद सरांनी कॉलेजच्या खऱ्या लायब्ररीत पुस्तकं बांधणाऱ्या चाचांना देऊन टाकले होते. आम्ही तिकडं धावलो. चाचांनी चष्मा वर केला.

"हां, झ्याक कागद व्हता. शेतकीच्या पुस्तकांना अस्तर केलं की त्याचं. कोरी बाजू वर, छापलेली पुठ्ठ्याला. आता खळ माझ्या हातची हाय, कीड लागू नये म्हून मोरचूद घातलेली. पुस्तक फाटंल, पण अस्तर सुटायचं न्हाय."

फाटंल हा शब्द ऐकून ग्रंथपाल बाई जागेवरून उठल्या. शिस्तीच्या बाई, त्यांच्यासमोर प्राचार्यसुद्धा पुस्तकाचं पान बोट न ओलावता उलटत.

सरांनी त्यांना तुकडे पुसले गेल्याचं सांगितलं.

"कुणी केला हा उद्योग?"

मी तोंड उघडणार, त्याआधी सर म्हणाले, "माझ्या हातून झालं." बाईंनी सरांना नखशिखांत न्याहाळलं. पुण्याचे आहेत एवढं मला आधीच माहीत होतं, मोठे आहेत हे त्या क्षणी कळलं.

बाई नियमाला पक्क्या. एका माणसाला एका वेळी तीनच पुस्तकं, तीही कार्डावर. मग ऊस, भात, जनावरांचे रोग असं करत आम्ही तीन-तीन पुस्तकं घेऊन चाचांच्या टेबलावर नेऊ लागलो. कुठल्या पुस्तकात काय दडलंय ते कळायला मार्ग नव्हता. चाचांनीच युक्ती काढली. अस्तरावरून ओला बोळा फिरवला की कागदातून पलीकडची अक्षरं पुसट दिसायची, पण उलटी. आम्ही मान वाकडी करकरून वाचत होतो. थोडा वेळ बाईंनी ते सहन केलं, मग पर्समधून लहान आरसा काढून अस्तरापुढं धरला.

"हे बेरजेचं दिसतंय," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांना कुणी आवरू शकलं नाही. कार्डांचा नियम कधी मागं पडला ते त्यांनाही कळलं नसावं. लायब्ररीत बाई पहिल्यांदाच मोठ्यानं ओरडल्या, "सापडलं! ग्रेस मार्क सापडलं! कोंबडीपालनात!"

हवी ती पानं तेवढी चाचांनी सोडवली. स्वतःच बसवलेलं अस्तर वाफ देऊन, हाडाच्या पट्टीनं मिलीमीटर मिलीमीटर उचलताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "असं काम कुणी उसकटत असतंय व्हय?" एवढंच पुटपुटत होते. पण एकही पुस्तक फाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी सातही तुकडे मिळाले. पुस्तकाच्या मापानं कागद कापल्यामुळं काही ओळींची शेपटं गेली होती, ती सरांनी आठवून लिहिली. मी सगळं टाइप केलं आणि आर देऊन गठ्ठ्यात रचलं. एन्टर दाबताना सर पाठीशी उभे होते. नंतर त्यांनी गठ्ठ्याच्या तीन प्रती केल्या आणि एक टेप बाईंच्या कपाटात ठेवायला दिली. बाईंनी तिला पुस्तकासारखा रीतसर दाखलखारीज नंबर घातला.

निकाल वेळेवर लागला. फक्त आडनावांच्या तुकड्यात एक शेपूट चुकीचं जोडलं गेलं होतं, त्यामुळं यादीत सगळे पाटील थेट आडमुठे, आवळे, इंगळे यांच्याही आधी येऊन बसले. कुणीच तक्रार केली नाही. दोन दिवसांनी माझ्याच लक्षात आलं. मी दुरुस्त केलेली यादी ऑफिसात नेऊन दिली, तर हेडक्लार्क तिच्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवत राहिले.

"अगं, पाटील का खाली घातलास?" ते खेकसले. "कोल्हापूर हाय हे!"