भाज्याच्या वळणावरचा रविवार

बारा वर्षांपूर्वीचा रविवार, दुपारची वेळ. जबाबदार: भाजे गावच्या वळणावर दुतर्फा मोटारी लावणारे पर्यटक आणि तिथे बंदोबस्त न ठेवणारे अधिकारी. भाजलेल्या कणसांचा वास आला की ही नोंद आजही मनात उघडते.

पक्षाघाताने पत्नीची उजवी बाजू लुळी पडली होती आणि आमची रुग्णवाहिका त्या मोटारींत अडकली होती. मी मागच्या काचेतून मोटारींचे क्रमांक वहीत उतरवत होतो. तेव्हा मी त्याला पुरावा म्हणत होतो. ती भीती होती, हे आता कळते.

कणसे विकणाऱ्या सखूबाई आत डोकावल्या. "घाबरू नगा, आबा. लय खमकी हाय ती." मग त्यांनी पेटत्या शेगडीसकट आपली हातगाडी बांधाखाली ढकलून आम्हाला वाट करून दिली.

गाडी हलली तशी पत्नी जड जिभेने म्हणाली, "अवो, ती वही ठिवा. माजा हात धरा."

ती रागावते आहे, म्हणजे ती जगणार, असे मला त्या क्षणी वाटले. ती जगली. ग्रामपंचायतीला लिहिलेल्या या पत्राखाली माझ्या सहीशेजारी तिने डाव्या हाताने केलेली सही आहे. वळण मात्र आजही अडलेलेच असते. ते कोण आणि कधी मोकळे करणार, हे संबंधितांनी ग्रामसभेत सर्वांसमोर सांगावे.